जोडीची हवा

मिस्त्रीला कुणी विचारलं, काय, कसं काय, तर तो म्हणायचा, "मजेत." आणि समोरच्याला तेवढ्यावरच कळून चुकायचं की या माणसाची आणि मजेची बऱ्याच दिवसांत गाठभेट नाही. खांदे उतरलेले, दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाच्या खिशावर ग्रीसचा डाग. साठी अजून लांब होती, पण बघणारा खुशाल ती ओलांडलेली धरून चालायचा. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. लोकांना दिवसभर वरखाली करणारा हा गृहस्थ स्वतः तळमजल्यावर राहायचा, आणि तेही हौसेनं नव्हे. आधीचं घर चौथ्या मजल्यावर होतं, मोठ्या गॅलरीचं, वारा खेळणारं, आणि थट्टा बघा, त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. बायको चाकाच्या खुर्चीत बसली तेव्हा ते घर सोडावं लागलं.

बसली ती मणक्यातल्या गाठीमुळे. गाठ काढली, जीव वाचला, पाय मात्र गेले. पायांत जे काही परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते महिने केव्हाच सरले होते. ही गोष्ट नवरा-बायको दोघांनाही माहीत होती. दोघंही ती एकमेकांसमोर बोलत नव्हते.

सकाळी उठल्यावर मिस्त्रीचं पहिलं काम म्हणजे बायकोला पलंगावरून खुर्चीत घेणं. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून, आणि श्वास धरून उचलायचं. मग अंघोळ, मग पायांना तेल आणि व्यायाम, मग कणीक, मग भाजी. मग ती मांडीवर पडद्याचं कापड घेऊन दुमड घालायला बसायची आणि हा हत्यारांची पिशवी घेऊन निघायचा. दुपारी धावत यायचा, तिला कूस बदलून देऊन परत जायचा. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. हे ऐकून शेजारपाजारचे म्हणायचे, काय देवमाणूस आहे हो! डोंबलाचा देवमाणूस. भाजी करपली की तो पातेलं आपटायचा. खुर्चीचं चाक दाराच्या चौकटीला अडलं की दात-ओठ खायचा. कधीकधी एखाद्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, काम संपल्यावरही उगाच बसून राहायचा, कारण तिथे कुणी हाक मारत नसे. मग आपण बसून राहिलो याची त्याला लाज वाटायची आणि तो घाईघाईनं घरी यायचा.

बाई मूळची बोलघेवडी. पडद्यांच्या दुकानासाठी मापं घ्यायला लोकांच्या घरोघर जायची आणि येताना त्यांच्या घरातल्या सगळ्या भानगडी घेऊन यायची. चारचौघांत ती नवऱ्याला "अहो" म्हणायची आणि दार लोटलं की "अरे". लग्न झाल्यापासूनचा रिवाज होता तो. भांडणातसुद्धा मोडला नाही.

आणि या दोघांच्या मध्ये होतं ते धूड. जुनी, काळी, अवजड मोटरसायकल. आडवी झाली तर एकट्याच्यानं उभी होणार नाही एवढी. बाईनंच तिला धूड हे नाव ठेवलं होतं. सुटी आली की हे दोघं त्या धुडावरून निघायचे, कुठे ते ठरलेलं नसायचं. रस्ता नेईल तिथे जायचं, दिसेल त्या टपरीवर चहा प्यायचा, अंधार पडायच्या आत परत. मिस्त्री चालवायचा, ती मागे बसायची, आणि नुसती बसायची नाही. वळण आलं की ती बरोबर तेवढीच कलायची. "अर्धी गाडी ती चालवते," असं मिस्त्री मित्रांना सांगायचा. हवेचं खातंही तिच्याकडेच. निघायच्या आधी मीटर घेऊन उकिडवी बसायची, दोन्ही चाकांची हवा बघायची. मागच्या चाकात बेचाळीस. दोघं बसायचे म्हणून बेचाळीस. एखाद पॉइंट कमी निघाला तर पंपावरच्या माणसाची खैर नसायची.

आता धूड फक्त कामावर न्यायचं. मागची सीट रिकामी, तिच्यावर हत्यारांची पिशवी बांधलेली.

तर झालं असं की एका सकाळी, मंडईजवळच्या वळणावर, पाण्याचा टँकर गळत गेला होता, तिथे धुडाचं मागचं चाक सरकलं. वेग काही फार नव्हता. तरी मिस्त्री रस्त्यावर आणि धूड त्याच्या पायावर. दोन भाजीवाल्यांनी आणि एका पोस्टमननं मिळून ते उचललं. मिस्त्री लंगडत उठला, कपडे झटकले, सगळ्यांना "काही नाही, काही नाही" म्हणाला आणि कामावर गेला. घरी सांगितलं की यंत्राच्या खोलीत लोखंडी दाराचा धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी बायकोला उचलताना त्याच्या तोंडून "आई गं" निघालं. खुर्चीत बसल्यावर ती म्हणाली, शर्ट वर कर. त्यानं टाळाटाळ केली. ती म्हणाली, कर म्हणते ना. त्यानं केला. कमरेपासून बरगडीपर्यंत काळंनिळं झालं होतं. लोखंडी दारानं असं होत नाही हे तिला न कळायला ती काय दूधखुळी होती?

"तू पडलास," ती म्हणाली. "मला काय वाटतं ते राहू दे. पण तू उद्या मोडून पडलास, तर मला उचलणार कोण?"

मुलं नव्हती. मेव्हणी होती, बायकोची धाकटी बहीण, जीव लावणारी, पण ती काडीपैलवान. तिला स्वतःची भाजीची पिशवी जड व्हायची. परकं माणूस ठेवायचं तर बायको ऐकायची नाही. सगळं घर मिस्त्रीच्या या दोन दंडांवर आणि एका कमरेवर उभं होतं, आणि ती कंबर तो गुळगुळीत टायरांवर बसवून गावभर हिंडवत होता. चाक सरकल्याचं त्यानं कबूल केलं, तेव्हा बायकोनं निर्णय देऊन टाकला, टायर बदल, नाहीतर ते धूड विकून टाक. आणि वर आणखी एक सांगितलं, हे आधीही दोन-तीनदा सांगून झालं होतं, की टायर बदललेस की एखाद्या रविवारी एकटाच कुठेतरी लांब जाऊन ये, धाकटी येईल माझ्याजवळ बसायला.

"एकटा कुठे जाऊ," असं पुटपुटून त्यानं विषय कापला. खरी गोष्ट अशी होती की त्याला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याची त्यालाच भीती वाटायची. यंत्राच्या खोलीत बसलेला असताना तो डोळे मिटायचा आणि मोकळा रस्ता दिसायचा, आणि त्या रस्त्यावर मागे कुणी नसायचं. ती नसायची, खुर्ची नसायची, तेलाची बाटली नसायची. मग तो दचकून डोळे उघडायचा. आपण किती हलकट आहोत, असं त्याच्या मनात यायचं.

दोन दिवसांनी मेव्हणी सकाळीच येऊन बसली. "भावोजी, सावकाश होऊ द्या, आम्हाला बोलायला खूप आहे," म्हणाली, आणि तिनं त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. मिस्त्री धूड घेऊन टायरवाल्याकडे गेला.

टायरवाला ओळखीचा. मोठ्या मोटरसायकलींचे टायर हातानं बसवणारा तो एकटाच उरला होता. बाकीच्यांकडे यंत्रं होती, आणि यंत्रानं रिमला ओरखडे पडतात असं त्याचं म्हणणं. दुकान म्हणजे एक लांबट गाळा, दोन्ही भिंतींना छतापर्यंत टायर, मधे सिमेंटची जमीन साबणाच्या पाण्यानं कायम ओली, आणि सगळीकडे कोऱ्या रबराचा नाकात जाणारा वास. माणूस कमी बोलणारा. आलेल्या गिऱ्हाईकाकडे न बघता आधी चाकाकडे बघायचा.

त्यानं धूड स्टँडवर चढवलं, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं, आणि थांबला. मग मिस्त्रीला खाली बसायला सांगितलं. टायर मधोमध चकोट झाला होता, जणू पट्टी मारून सपाट केलाय. आणि दोन्ही कडांना नक्षी तशीच्या तशी, खोल आणि कोरी. सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मध्य जरा जास्त झिजतोच, टायरवाल्यानं समजावलं, पण इतका नाही. मग विचारलं, हवा किती ठेवता?

मिस्त्री म्हणाला, बेचाळीस.

टायरवाल्यानं मान हलवली. मग मागे कोण बसतं?

"बायको," मिस्त्री म्हणाला.

टायरवाला पुन्हा चाकाकडे वळला. अंगठा त्या सपाट पट्टीवरून फिरवला, मग कडेच्या नक्षीवरून. "मिस्त्री," तो म्हणाला, "हा टायर जोडीनं चाललेला नाही."

आणि त्यानं जमिनीवर साबणाच्या पाण्यात बोटानं दोन रेघा काढून दाखवल्या, एक रुंद, एक अरुंद. दोघांचं वजन असलं की एवढी हवा लागते, नाहीतर टायर बसतो. पण एवढीच हवा ठेवून माणूस एकटा चालला, तर टायर फुगून राहतो आणि फक्त मधल्या पट्टीवर पळतो. तेवढीच पट्टी रस्त्याला धरते, तेवढीच झिजते. मग कुठे ओलं लागलं, जरा कलला, की सुटतो. तुम्ही पडला असाल, तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मिस्त्रीनंच त्याला फाडून खाल्लं असतं. आयुष्यभर त्यानं लिफ्टच्या आत पाट्या ठोकल्या होत्या, इतकीच माणसं, इतकंच वजन. जादा भरलं की वाजणारी घंटा कुणी तारा कापून बंद केली, तर तो त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात उभं करून झापायचा. वजनाशी खोटं बोलू नका, हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि स्वतः तो दर आठवड्याला पंपावर जाऊन, मीटर बघून, मागच्या चाकात दोघांची हवा भरत होता. पहिल्यांदा सवयीनं. मग, ती आज ना उद्या बसेल म्हणून. आणि मग, पंपावरचा माणूस किती भरू म्हणून विचारायचा तेव्हा दुसरा आकडा तोंडातून निघत नसे म्हणून. ज्या दिवशी आपण हवा कमी करू त्या दिवशी ती खरोखरच उठणार नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं. लिफ्टचा माणूस, रोज नट-बोल्ट आणि वायरींत हात घालणारा, आणि अक्कल बघा.

टायरवाल्यानं चाक सोडवलं. कडेवर पाय देऊन टायर रिमपासून सुटा केला, साबणाचं पाणी सोडलं, रिमवर प्लास्टिकच्या पट्ट्या ठेवून दोन लोखंडी दांडे घातले आणि टायर थोडा थोडा करत बाहेर काढला. जुना टायर भिंतीला टेकवून त्यानं दोन नवे समोर आणून ठेवले. माप दोन्हींचं तेच. एक जाड बाजूंचा, दणकट, दोन माणसं आणि वर सामान घेऊन लांब पल्ला मारणाऱ्यांसाठी. वर्षानुवर्षं टिकतो. दुसरा नरम, लवकर गरम होणारा, रस्त्याला चिकटणारा. झिजतो लवकर, पण एकट्या माणसाला तोच बरा. त्याच्याच जोडीचा पुढचाही घ्यायचा, पुढे एक जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा असं चालत नाही.

मिस्त्रीनं जाड्या टायरावर हात ठेवला. हा लाव, म्हणाला.

टायरवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. लावतो, माझं काय जातंय, तो म्हणाला. पण एकट्याच्या वजनानं हा धड गरमच होत नाही, दगड होऊन फिरतो. पावसापाण्यात पुन्हा त्याच वळणावर आडवे व्हाल. मग विचार करून या, असं म्हणून तो पुढचं चाक सोडवायला बसला.

मिस्त्री बाहेर फुटपाथवर जाऊन उभा राहिला. समोरच्या टपरीवर चहा घेतला, आणि तो हातातच निवला. त्याला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. टायरवाल्याचा? तो बिचारा रबराबद्दल बोलत होता. डॉक्टरांचा? त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बायकोचा? हो, तिचाही थोडा, आणि ते मनात येताच त्याला भडभडून आलं. लोक शेजारून जात होते. कुणी एक जण ओळखीचा, "काय मिस्त्री, कसं काय," असं विचारून गेला, आणि मिस्त्री "मजेत" म्हणाला.

त्याला बायकोचा प्रश्न आठवला. मला उचलणार कोण. जाड्या टायरावर तिची जागा राखून ठेवायची आणि तिला पलंगावर पडलेली सोडून आपण हाड मोडून घ्यायचं, हा कुठला शहाणपणा? ती जिवंत आहे. खुर्चीत आहे, घरी आहे, आत्ता या क्षणी बहिणीशी कुणाची तरी निंदा करत असेल. तिला धुडाच्या मागे बसायला येत नाही, एवढंच. एवढंच, असं त्यानं मनात म्हणून पाहिलं. ते एवढंसं नव्हतं. पण खरं होतं.

तो आत आला आणि उभ्यानंच म्हणाला, "नरमवाला लाव. एकट्याचा."

टायरवाल्यानं ठीक म्हटलं आणि कामाला लागला. नव्या टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो आधी मिस्त्रीला दाखवला, उलटा बसला तर पावसात पाणी कापत नाही म्हणून. कडेवर टायरची हलकी बाजू दाखवणारा लाल ठिपका होता, तो बरोबर व्हॉल्व्हशी आणला. मग पुन्हा साबणाचं पाणी, दांडे, गुडघ्याचा दाब. शेवटची वीतभर कड आत जाताना त्या दणकट माणसाचीही मान ताठली. हवा भरली तशी एकदा फट् झालं, मग दुसऱ्यांदा, आणि दोन्ही कडा रिमवर बसल्या. तोल बघायला चाक आडव्या दांडीवर चढवून त्यानं सोडलं, जड बाजू खाली येऊन थांबली, समोरच्या बाजूला त्यानं शिशाचा तुकडा चिकटवला, परत सोडलं, अर्धा तुकडा कापला, परत सोडलं. चाक कुठेही थांबवलं तरी थांबायला लागलं तेव्हा समाधानानं हुं म्हणाला. मिस्त्रीला ते बघून बरं वाटलं. कुणीतरी एखादं काम असं नीट, घाई न करता करतंय, हे बघायला मिळून त्याला किती दिवस झाले होते.

मग हवेची नळी हातात घेऊन टायरवाल्यानं विचारलं, छत्तीस ना?

"छत्तीस," मिस्त्री म्हणाला. आकडा तोंडातून निघाला एकदाचा.

निघताना टायरवाल्यानं ताकीद दिली, सुरुवातीला जपून, नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, चार दिवस हळू वळा, ब्रेक मारू नका करकचून. मिस्त्री अगदी सायकलवाल्यांच्या मागून, कडेकडेनं घरी निघाला. तरी फरक लगेच कळला. धूड हलकं झालं होतं. वळणावर आपण होऊन झुकत होतं, खड्ड्यात आदळत नव्हतं, इतके दिवस ढकलून न्यावं लागणारं जनावर सरळ सांगितलेलं ऐकत होतं. एका मोकळ्या रस्त्यावर त्याला चक्क मजा आली. आली आणि त्यानं ती दाबली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं आलं असं त्यानं ठरवलं.

घरी पोचला तेव्हा मेव्हणीला बस गाठायची होती, ती चपला घालतच होती. जाताना, "ताई आज नीट जेवली नाही," एवढं सांगून गेली. दार लोटलं गेलं. बायको खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर निळ्या कापडाचा ढीग, सुई हातात.

"बसवलेस?" ती म्हणाली.

"हो. दोन्ही."

"मागे हवा किती भरली?"

तो पाणी प्यायला लागला होता, भांडं ओठांशी तसंच राहिलं. ती हे विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, कारण हवेचं खातं तिचंच. त्याला खोटं बोलता आलं असतं. बेचाळीस म्हणायचं की संपलं.

"छत्तीस," तो म्हणाला.

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. काही क्षण ती खिडकीतून बाहेर बघत होती. मिस्त्रीला वाटलं, आता ही रडणार, आणि तो भांडं ठेवून पुढे झाला.

"थांब," ती म्हणाली. "मी रडत नाहीये. मला बोलू दे. तू रोज सकाळी माझ्या पायांना तेल लावतोस ना, तेव्हा तू पायांकडे बघत नाहीस. अंगठ्याकडे बघतोस. हलतोय का म्हणून. मला दिसतं ते. आणि मी पडल्या पडल्या जिवाच्या आकांतानं तो हलवायला बघते, तुझ्यासाठी. रोज. आणि तो हलत नाही, आणि तू काही झालंच नाही असं तोंड करून बाटलीचं झाकण लावतोस. पाय गेल्याचं दुःख झालं करून, अरे. या रोजच्या परीक्षेनं मी दमले."

मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसला. त्याला वाटायचं, आपण आशा धरून आहोत ती तिच्यासाठी. आपण सोडली तर ती खचेल. आणि ही इकडे रोज सकाळी त्याच्या आशेचं ओझं उचलत होती, ज्या पायांत काही उरलं नव्हतं त्या पायांनी. दोघं एकमेकांना सावरायला म्हणून इतके दिवस ताठ उभे होते, आणि त्यापायी दोघांचीही पाठ मोडत आली होती.

"मीपण दमलोय," तो म्हणाला. हे त्यानं आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर त्याला ते थांबवता येईना. "फार दमलोय गं. कामावर जाऊन उगाच बसून राहतो मी. घरी यावंसं वाटत नाही. कधीकधी वाटतं, धूड घेऊन निघून जावं आणि..."

"माहितीये."

"तुला कसं माहीत?"

"लग्न होऊन किती वर्षं झाली?" ती म्हणाली. "तू उशिरा यायचास तेव्हा तुझ्या शर्टाला ग्रीसचा ताजा वास नसायचा. काम संपवून कुठेतरी बसलेला असायचास. मी म्हटलं, बसू दे. मला बसायला खुर्ची आहे, त्याला कुठे आहे?"

मिस्त्रीला हसू आलं आणि हसता हसता तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, ओबडधोबड, नाक ओढत. तिनं त्याला उगी केलं नाही. खुर्ची पुढे सारून तिनं चाक पलंगाला लावलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आडवा हो आता. भरदुपार आहे म्हणून काय झालं? भाजीचं मी बघते. मला काय, सुरी धरता येते."

"तुला कूस..."

"खुर्चीत आहे मी. झोप."

तो बूट न काढताच आडवा झाला. बूट काढ, म्हणाली, मग त्यानं काढले. खिडकीतून ऊन पलंगावर येत होतं, तिनं हात लांब करून अर्धवट शिवलेला निळा पडदाच खिडकीच्या गजांत खोचला आणि खोलीत सावली झाली. त्याचे डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीचं चाक चौकटीला अडल्याचा आवाज आला, तिचं पुटपुटणं आलं, मग ते सुटलं. तो उठला नाही. अर्धवट झोपेत त्याला ती फोनवर बोलताना ऐकू आली. आवाज दबका होता, पण त्यात जुनी खणखण होती, लोकांच्या घरच्या भानगडी सांगतानाची.

"पोचलीस का गं? हळू बोल, झोपलेत. हो, आत्ता, दुपारचे. अगं, रविवारी येतेस ना दिवसभर? हे जाणार आहेत लांब." पलीकडून धाकटीनं काहीतरी विचारलं असावं.

"नाही गं," ती म्हणाली. "एकटेच."